केसाएवढी रेघ

मी, छापखानावाली, वय एकोणऐंशी, डोकं ठिकाणावर ठेवून हे लिहिते. कुणी धाक दाखवून लिहून घेतलेलं नाही. तेवढी छाती आमच्या घरात कुणाची नाही. वकिलाने चार पानी मसुदा आणला होता, परत दिला.

एक. राहती खोली आणि वरचा माळा मुलाला. आधी छपराची गळती काढावी, मग माझा फोटो लावावा.

दोन. कागद कापायचं यंत्र बाइंडरला. त्याचं एक बोट त्यातच गेलंय, म्हणजे अर्धं त्याचंच आहे.

तीन. कापडवाल्याला माझ्या शेवटच्या दिवशी दारात उभं करू नये. कारण खाली येतं.

चार. खालची लाकडी पेटी. हिच्यात माझ्या धाकट्या भावाने कोरलेली शिशाची अक्षरं आहेत, फक्त मोठ्या मथळ्यांसाठी. दांडा बोटाएवढा जाड, जोडणारी रेघ केसाएवढी, तळाशी सुईच्या टोकासारखे पाय. नऊ वर्षं डोळ्याला भिंग लावून बसला होता. म्हणाला, "ताई, छापताना कागदाखाली भरणाचा कागद एकच लाव. यांना दाब सोसत नाही."

कापडवाल्याला जाहिरात ठसठशीत हवी होती. "अहो बाई, फिकी वाटते, जरा दणका द्या की!" मी दोन कागद जादा भरले. चार अक्षरांच्या बारीक रेघा तुटल्या. धाकट्याने ती तळहातावर घेतली, भिंगातून पाहिली. "सांगितलं होतं गं तुला." एवढंच. पुन्हा छापखान्यात आला नाही, माझ्याशी बोलला नाही. आठ महिन्यांत गेला.

तो गेल्यावर मी त्याच चार अक्षरांचा एक कागद छापून काढला. रेघा पूर्ण उमटल्या. शिशात नाहीत, कागदावर आहेत. शाई बदलून पुन्हा काढला. आहेत. म्हातारीला चळ लागला म्हणाल, म्हणून बाइंडरला दाखवलं. तो पांढराफटक पडला. "बाई, पेटी बंद करा." केली. अकरा वर्षं झाली. मी मोडलेलं तो अजून भरतोय, आणि बोलत मात्र नाही.

पेटी धाकट्याच्या लेकीला. ती शिक्के कोरते, हात बापाचा आहे. मुलाने अक्षरं वितळवायला काढली तर कलम एक रद्द, खोलीही तिलाच. पोरी, ती चार अक्षरं नव्याने कोर. तुझा बाप सुटू दे. आणि भरण एकच, कुणी कितीही ओरडो.

सही त्याच्या अक्षराच्या वळणाने करते. दांडे ओढते, बारीक रेघा सोडते. या वयात मला त्या जमणार नाहीत. त्याचा राग अजून असेल तर राहू देत सुटलेल्याच.

सही: छापखानावाली
ठिकाण: छापखान्याची पुढची खोली
तारीख: सात, मंगळवार, सकाळ

साक्षीदार: बाइंडर, शेजारची शिंपीण

बाईंनी आमच्यासमोर सही केली. दांडेच ओढले आणि पेन खाली ठेवलं, हे दोघांनी पाहिलं. शाई वाळल्यावर भिंग लावून पुन्हा पाहिलं. सही पूर्ण आहे. एकही रेघ सुटलेली नाही.