तुम्ही फळ्यावर भीती लिहिली नाहीत

तीर्थरूप अण्णा,

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. एवढ्या काळात एक ओळ लिहिली नाही आणि आज रविवारी दुपारी, सगळं घर आडवं झालेलं असताना लिहायला बसलोय. उद्याची मला भीती वाटते. दुसऱ्या कुणाला सांगू?

तुम्ही सिल्वासाजवळ गलोंड्याच्या कारखान्यात बॉयलर सांभाळायचात, मीही आता जवळच्याच एका कारखान्यात तेच करतो. आई त्यावरून अजून माझ्याशी धड बोलत नाही.

तुमचं ते लॅटिनचं वेड! वसईच्या शाळेतल्या पाद्री सरांनी लावलेलं. सिल्वासात कुणाला त्याचं काय? पण तुम्ही रोज सकाळी शिफ्टच्या फळ्यावर एक शब्द लिहायचात आणि खानवेल-सुरंगीहून बसने आलेल्या कामगारांना त्याचं मूळ समजावायचात. करेज आलं 'कोर'वरून, म्हणजे काळीज. आपणही वाघाचं काळीज म्हणतोच की, असं सांगून खूश व्हायचात.

घाबरण्याचे शब्द मात्र घरी, माझ्यासाठी. हॉरर म्हणजे मुळात अंगावर काटा उभा राहणं. पेरिल म्हणजे धोका आणि एक्सपिरियन्स म्हणजे अनुभव, हे दोघे चुलतभाऊ. धोक्यातून पार पडतो तो अनुभवी. जो पार पडत नाही त्याला काय म्हणायचं, हे विचारायचं राहूनच गेलं.

त्या आठवड्यात तुमच्या बॉयलरचा व्हॉल्व्ह सारखी शिटी मारत होता. वाफ जादा झाली की तो ती बाहेर सोडतो. पण त्यात काम मागे पडतं, म्हणून शेठने तो आवळून घेतला. शिटी थांबली तसे कामगार बिचकले. आणि तुम्ही काय केलंत? फळ्यावर करेज लिहिलंत आणि सगळ्यांच्या आधी बॉयलरच्या खोलीत गेलात.

अण्णा, त्यांचं घाबरणं बरोबर होतं हो! हॉरर का नाही लिहिलंत? भीतीचे इतके शब्द ठाऊक असलेला माणूस घाबरला कसा नाही, याचा मला आजही राग येतो.

बॉयलर फुटला. तुमच्या मागोमाग गेलेले दोघेही परत आले नाहीत. त्यातल्या एकाचा भाऊ, लखू, आता माझ्याकडे भट्टी पेटवतो.

काल आमचाही व्हॉल्व्ह आवळला. मी नको म्हणालो, तर आमचे शेठ हसून म्हणाले, "आपके पिताजी तो डरते नहीं थे." सुटताना लखू जवळ आला.

"साहेब, शिटी बंद झाली ते बरा नाय."

मी म्हटलं, बघू. याला काय उत्तर म्हणतात?

तुमच्याएवढं काळीज मला नाही, अण्णा. पण शब्द देतो, उद्या आमचा बॉयलर पेटणार नाही. नोकरी गेली तर गेली. लखूच्या पाड्यावर फोन नाही, निरोप जायचा नाही. तो साडेपाचला येतो आणि कुणाची वाट न बघता काडी लावतो. मी पाचलाच कारखान्याच्या दारात उभा असेन.

तुमचा,
विनायक