रामकुंड वाटेवरच होतं

१० नोव्हेंबर २००२

पोचलो एकदाचे. मुंबई, चेन्नई, पोर्ट ब्लेअर आणि वर ही बोट. बोटीत मीनाचं पोट पार ढवळून निघालं, पण किनाऱ्यावर पाय टेकताच तिला भजी आठवली, म्हणजे बाईसाहेब ठीक आहेत. हॉटेल झकास आहे. नारळीच्या सावलीत बांबूच्या खोल्या, दारात झोपाळा, आणि समोर पाणी असं निळं, की नाशकात फोटो दाखवला तर लोक म्हणतील रंग मारून आणलाय. ओहोटीला पाणी मागे सरतं आणि प्रवाळाचा मोठा कट्टा उघडा पडतो. मॅनेजरसाहेब म्हणाले, चपला घालून चाला आणि काही उचलू नका, दगड दिसले तरी ते जिवंत असतात, वाढतात. मी म्हटलं, एलटीसीवर आलेला माणूस जेवणाशिवाय काही उचलत नाही. ते हसले नाहीत. ऑफिसात फुकट मिळालेली डायरी वर्षभर कोरीच होती, तिचंही आज सार्थक झालं.

११ नोव्हेंबर

एक गोष्ट लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल. माझ्या बॅगेत लंकाआत्याच्या अस्थी आहेत.

आत्या दोन आठवड्यांपूर्वी गेली. माझी आई लवकर गेली, तेव्हा आत्याने मला इगतपुरीजवळच्या तिच्या सासरी नेलं आणि स्वतःच्या गोरक्षबरोबर वाढवलं. जन्मभर ती धो धो पावसात भाताच्या खाचरात उभी राहिली आणि पन्नाशीतच तिची हाडं धरली. बोटं इतकी वाकडी झाली, की ती भाकरी थापायला बसली की मी दुसरीकडे बघायचो. तिचं मागणं एकच होतं. म्हणायची, "पाण्यात उभं राहून ही हाडं लय ठणकली रे. मला रामकुंडात सोडा, तिथं इरघळून जातील. मागं कायबी उराया नको."

गोरक्षची भातकापणी चालू होती, दहावाही त्यालाच करायचा होता. म्हणून मीच म्हणालो, दे इकडे, रामकुंड माझ्या घरापासून चार पावलांवर आहे. तो म्हणाला, "दादा, तू हायेस ना, मंग मला काळजी नाय." अस्थींचा तांब्या मी बिल्डिंगच्या मागच्या कडुनिंबाला टांगला. आज जातो, उद्या जातो करत राहिलो. मीनाने विचारलं, तर सोडून आलो असं सांगून मोकळा झालो. निघायच्या दिवशी तांब्या तिथेच. गुपचूप बॅगेत घातला, वाटेत उतरू म्हटलं, पण टॅक्सीत शेजारी मीना. काय सांगून उतरणार? रामकुंड वाटेवरच होतं. पुढे इगतपुरीला आत्याचं शेत दिसलं. कापणी चालू होती. मी पेपर वाचल्यासारखं केलं.

१२ नोव्हेंबर

काम झालं. मीना झोपाळ्यावर असताना कट्ट्यावर चालत गेलो आणि तांब्या रिकामा केला. आपली गंगा, म्हणजे गोदावरी, शेवटी याच समुद्राला मिळते, तेव्हा आत्याचा मधला प्रवास वाचवला म्हणायचं. राख वाहून गेली. हाडांचे तुकडे मात्र एका खळग्यात जाऊन बसले, प्रवाळात प्रवाळासारखे. परतताना पाय घसरला आणि उजवा हात खरचटला. मीनाला म्हटलं, शिंपले शोधत होतो. आंघोळही न करता जेवायला बसलो. कोळंबी चांगली होती. तशीच मीनाच्या ताटात सरकवली.

१४ नोव्हेंबर

हात भरून येत नाहीये. जखमेच्या कडेने पांढरं, खरखरीत काहीतरी धरलंय, नळाच्या तोटीला क्षार धरतात तसं. मॅनेजर म्हणाले, प्रवाळाचं कापलं की बारीक काहीतरी आत राहतं. लिंबू लावा म्हणाले.

सकाळी खळगा बघून आलो. वाटलं होतं, एव्हाना काही उरलं नसेल. तुकडे आहेत. बोटभर होता तो वीतभर झालाय. त्याला पेरं आलीत, आणि ती वाकडी आहेत.

१५ नोव्हेंबर

करंगळी सरळ होत नाही. ठणकते. दिवसभर गार चिखलात हात घालून बसल्यासारखी.

मीनाला सगळं सांगितलं. तिला ठाऊक होतं. गच्चीवर कपडे वाळत घालताना तिला कडुनिंबावरचा तांब्या रोज दिसत होता. मी कधी बोलतो, याची वाट बघत होती म्हणे. मग तिने एवढंच विचारलं, की म्हणजे आत्या अजून पाण्यातच उभ्या आहेत का. मी रडलो, लाज वाटेल इतका.

१६ नोव्हेंबर

दोघांनी मिळून तुकडे काढले. एकेक तुकडा मोडताना माझ्या हातात कटकन आवाज व्हायचा. मीनालाही ऐकू आला. तांब्यात मावेनात, तिच्या साडीत बांधले. उद्याच्या बोटीने निघायचं, टॅक्सी थेट रामकुंडावर. घरीसुद्धा जायचं नाही.

१७ नोव्हेंबर

धक्क्यावर गार्डने बॅग उघडली. प्रवाळ बेटाबाहेर नेता येत नाही म्हणाला. मी म्हटलं, ही माझी आत्या आहे. तो चिडला नाही. एक तुकडा उचलून त्यावरची बारीक बारीक छिद्रं दाखवली, फांद्या दाखवल्या. हाड असं वाढतं का, असं मलाच विचारलं. मग सगळं धक्क्यावरून पाण्यात उलटं केलं. माझ्यादेखत.

मीनाला एकटीलाच बोटीत बसवलं, आत्याला टाकून मला निघता येईना. गोरक्षला सांग म्हटलं. काय सांगू, विचारत होती. तोवर बोट सुटली.

१८ नोव्हेंबर

डाव्या हाताने लिहितोय. उजवा गेला. बोटं आत्याची झालीत. भाकरी थापायची तशी —

खळगा पुन्हा भरलाय. आज तुकडे नाहीत. पावलं आहेत. दोन. बायकी. टाचांना भेगा. घोट्याच्या वर अजून काही नाही.

१९ नोव्हेंबर

गुडघे. खोचलेल्या लुगड्याच्या घड्यासुद्धा — पांढऱ्या, दगडी.

मॅनेजरना बोलावलं. म्हणाले, छान वाढलंय. फोटो काढला.

आत्या, वर येऊ नकोस गं. तुला उरायचं नव्हतं.

२०

खांद्यापर्यंत. वाकलीय, लावणीला वाकायची तशी. ठणकत असणार. मला ठणकतंय म्हणजे तिला —

२१

चेहरा आला. रागावलेली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. हात पुढे केलाय. लहानपणी खाचरात रुतलो, की काढायला करायची तसा.

कट्ट्यावरच बसलोय. तिच्या शेजारी आणखी दोन पावलं उगवलीत. पुरुषाची. डाव्या अंगठ्याचं नख तुटकं. चप्पल काढून बघितलं —

भरती. उठता येत नाही. पाणी गार आहे, आत्या. इतकं गार असतं, कधी बोलली नाहीस.

नेतो तुला. रामकुंडात नेतो. आज नाही जमत, हातही आता — उद्या. उद्या नक्की