फुकटचे फोटो आणि शिलाईवाल्या मावशींचे घर

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
रस्ता रुंदीकरण विभाग

विषय : फिल्म व डिजिटल कॅमेऱ्यांचा दीर्घकालीन खर्च, आणि त्यात धरायचे राहून गेलेले एक घर.

संदर्भ : तुलनात्मक खर्च कळवण्याबाबत आपला तोंडी आदेश.

महोदय,

१. फिल्मच्या काळात रोल, धुलाई आणि छपाई यांवर दरवेळी खर्च होई, हे मान्य. पुढे निगेटिव्ह लोखंडी कपाटात पडून राहत व काही मागत नसत.

२. डिजिटल कॅमेरा आल्यावर प्रत्येक फोटो फुकट झाला. तो फुकट फोटो ठेवण्यासाठी कार्ड, कार्डासाठी संगणक, संगणकासाठी दरवर्षी भाडे भरायचा प्रोग्रॅम आणि शेवटी डिस्क घेतली. दुसरी डिस्क मंजूर झाली, पण काटकसरीच्या धोरणामुळे घेतली नाही. पहिली बंद पडली. दुरुस्तीवाल्याने शुल्क घेऊन "आत काहीच उरलं नाही" एवढे सांगितले. काम चोख होते.

३. रुंदीकरणात पाडलेल्या घरांचे फोटो-पुरावे त्याच डिस्कवर होते. शिलाईवाल्या मावशींना आपल्या कार्यालयाने कळवले, की त्यांचे घर नोंदीत आढळत नसल्याने भरपाई देता येत नाही. त्याच टपालाने, ते घर पाडण्याचा खर्च भरण्याची नोटीसही गेली. नसलेले घर पाडायला खर्च जास्त येत असावा. मावशी दोन्ही कागद घेऊन माझ्या टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, "बाबा, मी इतकी वर्षं शिवत कुठे बसले होते, तेवढं विचारून सांग."

४. घर पाडण्याआधीच्या पाहणीच्या दिवशी मावशींनी परगावच्या लेकीला पाठवायला कागदावरचा फोटो मागितला होता. म्हणून मी माझ्या जुन्या फिल्म कॅमेऱ्याने एक काढला. त्यात दार, शिलाई मशीन, दारात मावशी आणि भिंतीवर आपल्याच विभागाने रंगवलेला क्रमांक स्पष्ट दिसतो. आपल्या लिपिकांनी तो 'विहित डिजिटल नमुन्यात नाही' म्हणून परत केला. त्यांनी घर नीट पाहिले, नमुना मात्र चुकीचा निघाला.

५. सबब विनंती, की मावशींच्या भरपाईबाबतच्या उद्याच्या सुनावणीत हा फोटो पुरावा म्हणून घ्यावा. ते नियमात बसत नसल्यास मावशींचे घर होते तसे पुन्हा उभे करावे. मी डिजिटल कॅमेरा घेऊन तत्काळ हजर होईन.

आपल्याच कार्यालयातील, अद्याप नम्र,
(सही)
विभागीय छायाचित्रकार
दिनांक : सुनावणीच्या आदल्या दिवशी

सोबत : फोटोची एक प्रत. निगेटिव्ह जोडलेली नाही. ती आपल्याकडे ठेवण्याचे धाडस होत नाही.