शेडमधली खूण

बाबा, तुझा तो लाडका खासदार झाला. तू जाऊन इतकी वर्षं झाली आणि ही खबर तुला मीच द्यावी, हेही माझ्याच नशिबात. आपल्या टेमघरच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये चार लूम भाड्यानं चालवायचा, तोच. मग स्वतःची शेड टाकली, वडप्याला गोदामं बांधली, नगरसेवक झाला, आता थेट दिल्ली. लोक माझ्या हातावर पेढा ठेवून सांगतात, तुझ्या बापानं घडवला याला. मी पेढा खातो, हसतो.

जळतो मी त्याच्यावर, दुसरं काय! गाडीवर नाही, बंगल्यावर नाही. तुम्ही दोघं बोलायचात, त्यावर. लूमच्या खडखडाटात कानाशी ओरडलं तरी ऐकू यायचं नाही, म्हणून शेडमध्ये सगळा कारभार हाताच्या खुणांनी. धागा तुटला, व्यापारी आला, चहा सांग. शाळा सुटली की मी तुझा डबा घेऊन दारात उभा, आणि तू त्या टोकाला त्याच्याशी हातानंच काहीतरी बोलून हसतोयस. मलाही शिकव म्हटलं, तर मला बाहेर उन्हात आणून म्हणालास, "तुला काय करायचाय? तू शिक. शेडमदी पाय ठेवायचा न्हाय." शिकलो. शेलार गावच्या शाळेत मास्तर आहे, दिवसभर ओरडतो, संध्याकाळी घसा बसतो. तो मात्र भाषणात सांगतो, आवाज न चढवता बोलायला मला बाबांनी शिकवलं. बाबा म्हणे! त्याचा कोण लागतोस तू?

एक खूण तेवढी माझी होती. दारात मी दिसलो की पाच बोटं हनुवटीला टेकवून पंजा उलटा करायचास: जेवलास का? मी पोटावर हात ठेवायचो: जेवलो. मग डबा घ्यायचास आणि तुम्ही दोघं कापडाच्या ताग्यांवर बसून खायचात.

काल टीव्हीवर संसद लावली होती. नुसता गोंधळ, सगळे उभे राहून ओरडतायत. हा आपला शांत बसलेला. पलीकडच्या बाकावर कोणी ओळखीचा दिसला असेल, त्याच्याकडे बघून यानं बोटं हनुवटीला टेकवली आणि पंजा उलटा केला. अगदी तुझ्यासारखा, अंगठा जरा वाकडा. बायकोनं विचारलं, काय करतात हो ते? मी म्हटलं, मला काय माहीत. ती आत गेली आणि माझा हात आपसूक पोटावर गेला.

हे पत्र पाठवायचं तरी कुठं? घडी करून तुझ्या फोटोमागे खोचतो. पण एक सांगायचं राहिलंय. मी तेव्हा कधीच जेवून आलेलो नसायचो, बाबा. आई डब्यात तुझं-माझं दोघांचं घालायची. मला तुझ्याबरोबर बसायचं असायचं, आणि माझ्या जागेवर तो आधीच बसलेला असायचा.