काळ्याचा वाटा

४ मार्च, मंगळवार
डोकं फिरलंय. मार्केटिंगच्या रियाने आज पाकिटाचं डिझाइन दाखवलं. हिरव्या पानावर गुलाबी मांस आणि वर ठसठशीत अक्षरांत: 'शुद्ध मांस'. म्हटलं, शुद्ध कशाला? बोकडाच्या पेशींपासून वाढवलेलं मटण, एवढंच लिही की. तर म्हणते, "अगं, लोकांना किळस वाटायला नको." कुठल्या लोकांना? जे खातात त्यांना वाटत नाही, आणि ज्यांना वाटते ते घेणार नाहीत.

केडगावला घरी आल्यावर आईला सांगितलं. भाकरी थापता थापता म्हणाली, "म्हंजी आपुन आजवर अशुद्ध खाल्लं व्हय?" आईने शाळेत बोंबलाचा डबा नेला म्हणून तिला पटांगणात एकटीला बसवून खायला लावलं होतं. हे ती हसत सांगते. मला हसू येत नाही.

६ मार्च, गुरुवार
कामावर माझा विश्वास आहे, हे हल्ली स्वतःला बजावावं लागतं. सुप्याच्या या शेडमध्ये आम्ही जनावर न कापता मटण वाढवतो. काळ्याच्या मांडीतून सुईने चिमूटभर घेतलं, त्यातून. काळ्या म्हणजे मामाचा बोकड. मामाला मीच पटवलं होतं. "जित्त्या बोकडाचं मटण?" म्हणाला आणि पोट धरून हसला. मग काळ्याला कवेत घेऊन स्वतःच उभा राहिला.

उन्हाळ्यात गावाला टँकर, चारा विकत. कमी जनावरांत भागलं तर बरंच आहे. पण कंपनी काढणाऱ्या आमच्या सरांच्या भाषणात वाचवलेलं पाणी येतं, रात्रंदिवस चालणारी यंत्रं आणि लाइट गेली की धडधडणारा जनरेटर येत नाही. विचारलं, तर "ते पुढच्या टप्प्यात." आणि मटण कापणारे, कातडी नेणारे, मुंडी भाजून देणाऱ्या बायका, त्यांनी काय करायचं? "तेही पुढच्या टप्प्यात." पुढचा टप्पा म्हणजे काय अडगळीची खोली आहे?

१५ मार्च, शनिवार
आज चव घ्यायचा कार्यक्रम होता. विक्रीची परवानगी यायचीय, म्हणून फक्त निमंत्रित. मामाला मी आग्रहाने बोलावलं. बोकड त्याचा, पहिला घास त्याने घ्यावा.

आला. कडक इस्त्रीचा सदरा, पांढरी टोपी, हातात पिशवी. पिशवीत रिकामे डबे. मला आधी कळलंच नाही. गावी वस्ती मिळून बोकड कापते, पळसाच्या पानांवर वाटे पडतात. कलेजी, चरबी, नळी, सगळ्यांना सारखं. ज्याचा बोकड त्याला मुंडी आणि पाय वरकड. मामा तेच धरून आला होता. संध्याकाळी वाटा आणतो, असं शेजारी सांगूनही आला होता.

काडीला टोचलेला एक तुकडा मिळाला. सावकाश चावला. "चव हाय," म्हणाला. "पर नळी कुठं हाय?" माणसं हसली. तोही हसला. मग त्याने डबे काढून टेबलावर मांडले. रिया धावत आली. "काका, बाहेर नाही नेता येत."

"न्हाई कसं? बोकड माजा हाय."

सर हळूच काहीतरी बोलले आणि वॉचमनने मामाचा दंड धरला. दंड! नियम बरोबर आहे, मलाही मान्य आहे. पण माझ्या मामाचा दंड? त्या टेबलावर जे होतं ते त्याच्या काळ्याचं होतं!

गेटपर्यंत मी बरोबर गेले. मामा डबे एकात एक घालत होता. "ऱ्हाऊ दे पोरी. चार घरी सांगितलंय, त्येंला आता काय सांगू, यवढंच."

१७ मार्च, सोमवार
सरांशी बोलले. म्हणाले, "इमोशनल होऊ नकोस. त्यांना गिफ्ट पाठवू." काय, तर बदामाचा डबा! आणि त्याच दमात, जुन्या पेशी मंदावल्यात, काळ्याचा पुन्हा नमुना लागेल, तू मामांशी बोलशीलच ना. काळ्यावाचून पुढचं सगळं अडलंय म्हणे.

उठून कँटीनमध्ये येऊन बसले. भिंतीवर पाटी: मांसाहारी डबा आणू नये. मांस बनवणारी कंपनी! नोकरीला लागल्यापासून त्या पाटीखाली बसून मेथी खातेय मी. आज कुठे ती नीट वाचली. तळपायाची आग मस्तकात.

२३ मार्च, रविवार
गावी गेले. नमुना मागायला की माफी मागायला, माझं मलाच ठाऊक नव्हतं. काळ्याचा खुंटा रिकामा. लिंबाखाली पानांवर वाटे पडत होते.

"मामा, काळ्या?"

"चार घरी सांगितलं हुतं ना."

रडू फुटलं. काळ्यासाठी, नोकरीसाठी, की त्या दंडासाठी... एक वाटा मामाने बाजूला काढून ठेवला होता. मामीने तो शिजवून डब्यात भरला. नळी आठवणीने वर ठेवली. "ह्यो तुज्या सायबाचा," मामा म्हणाला.

"त्यांनी तुला दिला नाही, मामा."

"म्हून मी बी द्यायचा न्हाई व्हय? काळ्याचा वाटा हाय त्यो. समद्यांना जातो."

२४ मार्च, सोमवार
गेटवर वॉचमनला वास आलाच. तोच, दंड धरणारा. "ताई, नॉनव्हेज हाय का?" म्हटलं, आहे, सरांसाठी आहे. माझ्याकडे बघत राहिला आणि बाजूला झाला.

कँटीनमध्ये बसून लिहितेय, पाटीच्या बरोबर खाली. शेजारचे दोघे ताट उचलून पलीकडे गेले. जाऊ देत. काळ्या राहिला नाही, हे सरांना अजून माहीत नाही. ते मलाच सांगायचंय, आणि त्यानंतर इथे माझी खुर्ची राहील की नाही, कोण जाणे.

सरांची गाडी आत आली. डब्याचं झाकण मी उघडून ठेवलंय.