मामाच्या मुलाला ब्रो

२ मार्च, सोमवार
ठरलं म्हणे! पाडव्याला गडहिंग्लजला साखरपुडा. संगमेश आणि मी. मला कुणी विचारलंही नाही. मामाचा मुलगा, मी पाळण्यात असल्यापासून ठरलेला — विचारायचं काय त्यात?
मामा म्हणजे अव्वाचा सख्खा भाऊ. तिला म्हटलं, मला तो भावासारखा वाटतो. ‘भाऊ म्हन्लीस तर तोंड फोडीन!’ लहानपणी एकदा त्याला दादा म्हटलं, तेव्हा खरंच थोबाडीत बसली होती.

३ मार्च
कॉलेजात दिवसभर ब्रो. स्नेहल मला म्हणते, पोरांना म्हणते, चहावाल्यालाही म्हणते. पेपर अवघड गेला — ‘ब्रोऽऽ!’ भांडण लागलं — ‘ए ब्रो, नीट बोल.’ कुणी रडायला लागलं की पाठीवर हात ठेवून हळूच, ‘ब्रो...’ खरा भाऊ त्यात कुणालाच अभिप्रेत नसतो. पण जिच्याशी सूत जमवायचंय तिला कुणी ब्रो म्हणत नाही.
दादा म्हटलं तर मार. ब्रो म्हटलं तर?

८ मार्च, रविवार
मामा, मामी, संगमेश जेवायला. भाकरी वाढताना म्हणून टाकलं, ‘ब्रो, अजून एक?’ संगमेशनं मान वर केली. कळलं त्याला! मामी हसल्या, ‘आजकालच्या पोरींचं बोलनंच न्यारं.’ मग सोडलंच नाही. ब्रो, ताक. ब्रो, मीठ. धाकटी पवित्रा ओढणीत तोंड लपवून हसत होती.

११ मार्च
संगमेशचा फोन. ‘सगळ्यांम्होरं तसं का म्हन्तीस?’
‘कारण मला तसंच वाटतं.’
‘बरं. सांगतो घरात.’
भला माणूस आहे. वाईट वाटलं. पण लग्न? नाही म्हणजे नाही!

१२ मार्च
अव्वा ताट आपटून वाढते.

१५ मार्च, रविवार
मामा आले. मी आतल्या खोलीत, कान दाराला. अप्पांचा आवाज — ‘पोरगी त्याला भाऊ मानती, पावणं. जबरदस्ती नको.’ मामांनी चहा मागितला.
मोडलं! सुटले!

१६ मार्च
साखरपुडा पाडव्यालाच आहे. मुलगी बदलली. काल जाता जाता मामा अप्पांना म्हणाले म्हणे, ‘थोरली न्हाय तर धाकटी हाय की. तिनं कुठं ब्रो म्हटलंय?’
पवित्रा आत्ता कॉलेजातनं आली. दप्तरही उतरवलं नाही. ‘अक्का, मी आता म्हटलं तर चालंल?’