वीतभर वायर

२ नोव्हेंबर, रविवार

धाकट्या भावाने आपली रिमोटची गाडी माझ्या टेबलावर आणून ठेवली. म्हणे, बॅटरीची वायर वाढवून दे. कशाला? आहे ती नेमकी पोचते — ना ढिली, ना ताणलेली. मीच बसवलीय! बॅटरीची वायर लांबवली की मोटर चालवणाऱ्या कंट्रोलरला विजेचे झटके बसतात, एक दिवस तो जळतो. हे मला कुठल्या कॉलेजने शिकवलं नाही, स्वतःचे कंट्रोलर जाळून शिकलो. सगळं समजावलं. तो म्हणाला, बरं. पण गाडी उचलेना.

शेवटी दोन बोटं वाढवून दिली.

९ नोव्हेंबर, रविवार

दर रविवारी गाड्या पळवतो त्या मैदानावर पुन्हा तेच — अजून वाढव! सगळ्यांसमोर विचारलं, "गाडी चालवायचीय की गाय बांधायचीय?" लोक हसले. तोही हसला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

पठ्ठ्याने स्वतःच वाढवली. जोड म्हणजे कथलाचे नुसते गोळे, एका ठिकाणी तार उघडी. डोळे मिटून केलंस का, म्हटलं. सगळं कापून नव्याने केलं. आधी लाल कापली, टोकाला टेप, मगच काळी — दोन्ही एकदम कात्रीत आल्या तर जाळच. लांबी पहिली होती तेवढीच ठेवली.

१६ नोव्हेंबर, रविवार

आला नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

त्याच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. खाली बसून, गाडी गुडघ्यांत धरून तो बॅटरी जोडत होता. आखूड वायर, आत अडचण, आणि त्याचे दोन्ही हात थरथरत होते. कनेक्टर नेम चुकल्यासारखा दर वेळी बाजूला जायचा. त्याने मला पाहिलं नाही.

त्याची बायको मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. बरेच महिने झाले म्हणाली. वायर लांब असली की कनेक्टर बाहेर काढून मांडीवर दाबून धरता येतो.

"तुम्हाला सांगायचं नाही म्हणाले होते. दादाला असले हात चालायचे नाहीत, म्हणाले."

गाडी मागून आणली. काय करतोय हे त्याला सांगितलं नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

चांगली वीतभर वाढवली. लाल-काळीला पीळ दिला, झटके सोसायला जास्तीचा कपॅसिटर लावला. वायर बाहेर लोंबते. लोंबू दे.

२३ नोव्हेंबर, रविवार

कुणीतरी म्हणालं, गाडीला शेपूट फुटलं की! मी त्याच्याकडे असं पाहिलं की पुढे बोलला नाही.

धाकट्याने स्वतः बॅटरी जोडली. वेळ लागला. मी तेवढा वेळ दुसरीकडे बघत उभा. वळणावर गाडी दोनदा उलटली, मी धावत जाऊन सरळ केली. जाताना म्हणाला, "जमतंय तोवर येत जाऊ, दादा."

जोडाबद्दल बोललो होतो ते परत घ्यायचं होतं. तोंडातून निघालं ते हवेबद्दलच.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

त्याच्याबरोबर डॉक्टरांकडे. गोळ्यांनी थरथर थोडी कमी होईल, जाणार नाही. घरात आणखी कुणाला, त्यांनी विचारलं. मी वडिलांचं सांगितलं — कप दोन्ही हातांनी धरायचे, आम्ही म्हातारपण म्हणून सोडून दिलं. डॉक्टर म्हणाले, रक्तातून येतं कधीकधी.

बाहेर जिन्यावर धाकट्याने माझा हात उलटासुलटा करून पाहिला. "तू सुटलास बघ, दादा." खरोखर आनंद झाला होता त्याला.

३० नोव्हेंबर, रविवार

आज माझ्या गाडीचीही वायर वीतभर वाढवली. लाल जोड परत परत करावा लागला, हात स्थिर राहिना. धाकट्याला अजून सांगितलेलं नाही.